वांगं सोडलं की गुडघे थांबतात?

कठड्याचा_आधार: आईला बासष्टावं लागलंय, गुडघे धरलेत. एक्सरेत झीज दिसली. पाठोपाठ सोसायटीतल्या काकूंनी ‘वातूळ’ची यादी दिली: वांगं, बटाटा, टोमॅटो, वाल, पावटे, चिंच. चार महिने घरात मुगाची डाळ आणि दुधी चाललाय, जिना मात्र अजून आडवाच उतरते. परवा ताटावर बसून म्हणाली, “दुखायचं ते दुखतंच आहे, निदान भरली वांगी तरी खाऊ दे.” माझं स्पष्ट मत, वांग्या-टोमॅटोनं सांधे सुजतात याला धड पुरावा नाही. उगाच म्हाताऱ्या माणसाच्या जिभेचे हाल.

वैद्यांची_सून: अजिबात पटलं नाही. माझ्या सासूबाईंनी रात्री वाल खाल्ले की सकाळी बोटं आखडलेली. दहा वर्षं बघतेय. पुरावा पुरावा काय करता? रात्री हळदीचं दूध सुरू करा, मग बोला.

कठड्याचा_आधार: हळदीत कर्क्युमिन, म्हणजे ज्याला सूज उतरवणारा घटक मानतात तो, जेमतेम तीन टक्के. अर्धा चमचा हळद म्हणजे फार तर 50 मिलिग्रॅम, आणि चाचण्यांत देतात 500 ते 1500. त्यात ते आतड्यातून नीट शोषलंही जात नाही. मिरीतल्या पिपरिननं शोषण वीसेक पटीनं वाढतं, हे 1998 साली बंगळुरूच्याच संशोधकांनी दाखवलंय. दूध प्यावं, चांगलं लागतं. औषध म्हणू नये.

अंगठेबहाद्दर: अहो, पण दुखणं कुठलं ते आधी बघाल की नाही? माझा पायाचा अंगठा रात्री दोनला असा पेटला की चादरीचा स्पर्श सोसवेना. गाऊट, म्हणजे रक्तातलं युरिक ॲसिड वाढून सांध्यात त्याचे खडे साचतात तो. माझं युरिक ॲसिड 9.2, सातच्या आत हवं! वर्षभर घरच्यांनी तूरडाळ बंद ठेवली आणि मी शनिवारची बिअर चालू. डॉक्टर हसले. म्हणाले, डाळ खा. कलेजी, तारली, बिअर आणि गोड कोल्ड्रिंक सोडा.

आमवाती: माझा ऱ्हुमॅटॉइड, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते तो आमवात. एकीच्या सांगण्यावरून गोळ्या बंद करून दुधीचा रस घेतला. दोन महिन्यांत मनगटं अशी सुजली की कुकरचं झाकण लागेना. माशाच्या तेलानं थोडा आराम पडतो, पण गोळ्यांसोबत. एवढंच सांगायचं होतं.

वैद्यांची_सून: म्हणजे खाण्याचा संबंध आहे, हे सगळ्यांनी कबूल केलंच की!

कठड्याचा_आधार: नाही कुठे म्हटलं? पण झिजेच्या गुडघ्यात खरा संबंध वजनाचा. एक किलो उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. आणि चरबी नुसती ओझं नसते, सूज वाढवणारी रसायनं ती रक्तात सोडत असते. अमेरिकेत 454 वजनदार गुडघेदुखीवाल्यांवर दीड वर्ष चाचणी झाली, 2013 ला छापून आली. आहार आणि व्यायाम दोन्ही केलेल्यांचं दुखणं नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी झालं. वांग्याचं नावही नाही त्यात.

वैद्यांची_सून: बरं. मग चार महिन्यांत आईंचं वजन किती उतरलं?

कठड्याचा_आधार: …दीड किलो वाढलं. दुधी घशाखाली उतरत नाही म्हणून रात्री चहा-बटरवर भागवते.

वैद्यांची_सून: याला पथ्य म्हणता? आणि नावं आमच्या यादीला ठेवता!

अंगठेबहाद्दर: बटर बंद, वांगी चालू. तेल मात्र बेतानं. भरली वांगी तेल फार पितात हो.