रिकॉल राहिलेली गाडी विकताना किती सांगायचं? (आणि काकांच्या मर्सिडीजचा भाव)

अंगणातला_फोंडेकर (धागाकर्ता)

आमच्या दारात सध्या विकायच्या दोन गाड्या उभ्या आहेत. एक माझी रोजची सेडान, २०१२ची, माझ्याकडे तिसऱ्या हाताने आलेली. दुसरी काकांची मर्सिडीज १८० डी, १९६०ची, म्हणजे पोर्तुगीज अजून इथे गोव्यात होते तेव्हाची. त्या काळी खाणीचा पैसा आणि मोकळी आयात, त्यामुळे मुंबईकर वळून वळून बघतील अशा गाड्या मडगाव-फोंड्यात सहज दिसायच्या. काका गेले. काकूंना घराचं छप्पर करायचंय.

सेडानचा चॅसी नंबर सहज कंपनीच्या साइटवर टाकून पाहिला, तर एअरबॅगचा रिकॉल (दोष काढायला कंपनीने गाडी परत बोलावणं) राहिलेला! पत्र पहिल्या मालकाला गेलं असणार, तो आता कुठे आहे देव जाणे. गाडी बघायला आलेल्या गृहस्थाने मोबाइलवर भाव काढला: मॉडेल, वर्ष, किलोमीटर, रंग. रंग विचारतात हो, एअरबॅग विचारत नाहीत. मीच होऊन सांगितलं, तर म्हणाला, "ते कोणाला बोलू नका, उगाच भाव पडेल."

मर्सिडीजची वेगळीच गंमत. तीन जणांनी तीन भाव सांगितले: चार लाख, अकरा लाख, आणि एकाने गाडी न बघता फोटोवरून पंचवीस.

माझं मत असं की जुन्या गाडीच्या भावात ती किती धोक्याची आहे याचा हिशेब आलाच पाहिजे. नवी-जुनी, सगळ्यांना लागू. आणि २०२१च्या नियमात रिकॉलची सक्ती फक्त सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ठेवली आहे, ती मर्यादा आपल्यासारख्या दमट प्रदेशात तर साफ चुकीची आहे. बोला.

---

आकडेमोड

साफ असहमत. दोन वेगळ्या गोष्टींची भेळ केली आहे.

रिकॉलचं काम फुकट होतं. फुकट होणाऱ्या कामाचे पैसे भावातून कसे कापणार? टायर गुळगुळीत असतील तर कापा, चार टायरांची किंमत सगळ्यांना ठाऊक असते. इथे खर्च शून्य, म्हणून कपात शून्य.

सात वर्षांचं म्हणाल तर मर्यादा कुठेतरी घालावीच लागते. वीस वर्षं प्रत्येक मॉडेलचे सुटे भाग साठवायला लावलेत तर तो खर्च नव्या गाडीच्या किमतीतच चढेल, भरणार तुम्ही-आम्हीच. अमेरिकेतसुद्धा फुकट दुरुस्तीचा हक्क गाडीच्या पहिल्या विक्रीपासून १५ वर्षंच आहे.

---

अंगणातला_फोंडेकर

@आकडेमोड, "१५ वर्षंच" म्हणताय, म्हणजे आपल्या दुपटीहून जास्त! आणि तीही आधी १० होती, २०१५ साली वाढवली.

काम फुकट होतं हे खरं, पण ते होईपर्यंत गाडी कोण चालवतो? मला सांगितलंय की भाग यायला सहा आठवडे. तोवर नवा मालक पोरांना पुढे बसवून कोलव्याला जाणार, आणि त्याला काहीच ठाऊक नसणार.

---

तांबडी_माती

फोंडेकर दादा, तुमच्या बाजूने एक मुद्दा. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवतंय ना? एकट्या अमेरिकेत साधारण ६.७ कोटी इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणाऱ्या डब्या) परत मागवले, कंपनीने २०१७ मध्ये दिवाळखोरी पत्करली. त्यात चूक कुठे होती तर फुगा फुगवणाऱ्या स्फोटक दारूत. अमोनियम नायट्रेट, आणि बहुतेकांत ओलावा शोषून घेणारं काही घातलेलंच नाही. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा सोसून ते बिघडतं, मग धडक बसली की हवं त्याहून जोरात पेटतं आणि धातूची डबीच फुटून तिचे तुकडे समोरच्याच्या गळ्यात.

आता नीट बघा: हा दोष वेळ गेल्यावरच येतो. गाडी नवी असताना ती निर्धोक. अमेरिकेत म्हणूनच फ्लोरिडा, हवाई, आखाताचा किनारा असा उष्ण-दमट पट्टा आधी घेतला. २००१ ते २००३च्या काही होंडा-अक्युरा गाड्यांत अपघाताच्या वेळी इन्फ्लेटर फुटण्याची शक्यता चाचण्यांत ५० टक्क्यांपर्यंत निघाली, आणि हे जाहीर केलं २०१६ मध्ये. गाड्यांचं वय मोजा! आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चपलांना बुरशी येते. सात वर्षांची रेघ इथे नेमकी उलट्या जागी पडते.

---

कलम_बहाद्दर

कायद्याचं थोडं. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आलं, त्यानुसार केंद्र सरकार कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकतं. नियम १ एप्रिल २०२१पासून लागू, दंड गाड्यांच्या संख्येप्रमाणे १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. त्याआधी २०१२पासून कंपन्यांच्या संघटनेची ऐच्छिक संहिता होती, एवढंच.

आदेशासाठी तक्रारींचा ठरावीक आकडा गाठावा लागतो, आणि तो त्या मॉडेलच्या वर्षभराच्या विक्रीशी जोडलेला आहे. विक्री सगळ्या देशाची. म्हणजे जो दोष फक्त किनारपट्टीवर उमटतो, त्याच्या तक्रारी जैसलमेर आणि लडाखच्या बिनतक्रार गाड्यांत बुडून जातात. गोव्यात गाड्या त्या किती! मला सात वर्षांपेक्षा ही अडचण मोठी वाटते.

तरी धागाकर्त्यांनी एक लक्षात घ्यावं: सात वर्षांची मर्यादा सक्तीला आहे, स्वेच्छेच्या रिकॉलला नाही. तुमची २०१२ची गाडी फुकट दुरुस्त होतेच आहे ना?

---

अंगणातला_फोंडेकर

होतेय. पण कंपनीची मर्जी आहे म्हणून होतेय. मर्जी वेगळी, हक्क वेगळा.

---

आकडेमोड

@तांबडी_माती, ताकाता अपवाद आहे हो. अपवादावरून नियम करत नाहीत. बहुतेक दोष पहिल्या दोन-तीन वर्षांत कळतात.

---

तांबडी_माती

बरं, अपवाद नको, साधं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२१मध्ये मारुतीने १,८१,७५४ पेट्रोल गाड्या तपासणीसाठी बोलावल्या, मोटर जनरेटर युनिटसाठी. सोबत सूचना होती: भाग बदलेपर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यावरून गाडी नेऊ नका, विजेच्या भागांवर थेट पाणी मारू नका. बदलायला सुरुवात होणार नोव्हेंबरात! माझी गाडी त्यांतली नव्हती, पण चवथीच्या (गणपतीच्या) सुमारास गोव्यात पाणी न साचलेला रस्ता कुठला ते दाखवा, मी तिथे राहायला येते.

त्याच दिवसांत कोणी त्यातली गाडी विकली असेल तर ही सूचना घेणाऱ्याला कळायला नको? खर्च शून्य आहे म्हणून सांगायचं नाही, हे काही पटत नाही.

---

आकडेमोड

सांगू नका असं मी कुठे म्हटलं? सांगा. फक्त भाव कापू नका.

(इथवर तुमची-माझी भांडणं मिटली असं समजतो.)

---

डुक्कर_फियाट

धागा एअरबॅगवर घसरला, आता मूळ मालाकडे या. मर्सिडीज!

माझ्याकडे नावातली गाडी आहे, १९५६ची. त्यामुळे अनुभवाने सांगतो. "धोक्याचा हिशेब भावात" हे जुन्या गाडीला लावलंत तर सगळ्यांचाच भाव उणे येईल. तुमच्या १८० डीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, सीटचे पट्टे नाहीत, एअरबॅग तर तेव्हा कुठल्याच गाडीत आली नव्हती. हा दोष नाही, तो काळच तसा होता. तीन बिंदूंचा पट्टा व्होल्व्होने आणला तो १९५९ साली.

उलट तुम्ही सुरक्षेच्या नावाखाली फ्लोअरला भोकं पाडून पट्टे बसवलेत, पुढे डिस्क ब्रेक घातलेत, की भाव कोसळला म्हणून समजा. शौकीन माणूस मोजतो तो मूळपणा. इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळतो का, काचा त्याच का, मीटरच्या काट्याचा रंगसुद्धा.

आणि ते पंचवीस लाखवाले सद्गृहस्थ! २०२२ साली एक मर्सिडीज १३.५ कोटी युरोला गेली ही बातमी वाचल्यापासून जो तो बोनेटवरचा तारा बघून आकडे फेकतो. ती ३०० एसएलआर कूपे होती, जगात दोनच. तुमच्या १८० डीच्या घराण्यातल्या, म्हणजे पाँटन, चार सिलिंडरवाल्या गाड्या चार लाखांहून जास्त बनल्या. शिवाय चार दारं आणि डिझेल, म्हणजे जन्मजात टॅक्सी. गाडी सुंदरच आहे, पण भाव ताऱ्याला नसतो.

---

अंगणातला_फोंडेकर

मग ठरवायचा कसा? तिकडे हॅगर्टीसारख्या विमा कंपन्यांचे तक्ते असतात म्हणे, गाडीच्या अवस्थेप्रमाणे एक ते चार नंबर.

---

डुक्कर_फियाट

असतात. एक नंबर म्हणजे प्रदर्शनात पहिली येईल अशी, चार नंबर म्हणजे चालते, पण चुका लांबूनच दिसतात. पण ते तक्ते उभे राहतात लिलावांच्या जाहीर आकड्यांवर. आपल्याकडे सौदा होतो बंद दाराआड, आणि बाहेर दिसते ती जाहिरातीतली किंमत, म्हणजे मागितलेली. मिळालेली किती हे घेणारा सांगत नाही आणि देणारा फुगवून सांगतो. मी स्वतः एकदा दीड लाख फुगवून सांगितलेत.

रोजच्या गाडीला विम्याची आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) तरी असते, वर्षाला ठरलेली घट, पाच वर्षांनंतर मात्र तीही दोघांच्या संमतीने. साठ वर्षांच्या गाडीला तीच पद्धत. म्हणजे पुन्हा बोलाचालीच.

---

गॅरेजवालो_मडगांव

सगळे फोटोवर भांडतात. पयलीं गाडी पळोवची, मागीर भाव करचो. (आधी गाडी बघायची, मग भाव करायचा.)

मी तीस वर्षं हेच काम करतो. गोव्याच्या जुन्या गाडीचा भाव मूळपणात नाही, पत्र्यात आहे. समुद्राची हवा, वर शेडमध्ये चिखलाची जमीन. बाहेरून रंग चकाचक, खाली उंबरठ्याचा पत्रा बोटाने मोडतो. एक साधं चुंबक घ्या, फडक्यात गुंडाळा (रंगाला चरे नकोत) आणि दारांच्या खालच्या कडेने फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली. भाकरीएवढा डाग असला तर ठीक. हातभर असला तर नवा पत्रा कापून बसवावा लागेल, आणि तसं टिनकाम करणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी. हा खर्च जो कोणी मोजत नाही त्याचा भाव म्हणजे बाजारगप्पा.

आता ब्रेक. डुक्कर_फियाट बाब, तुमचं मूळपण मान्य, पण जुनी ब्रेक लाइन एकच असते. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक गेले, पेडल सरळ फ्लोअरला. फोंड्याहून बोरीचा उतार उतरताना मग देवाचं नाव घ्या. त्याला डिस्क ब्रेक नकोत. सिलिंडरांची रबरं, होज, पाइप नवीन घाला, योग्य ऑइल भरा. गाडी मूळचीच राहते, बाहेरून कोणाला दिसतही नाही.

---

डुक्कर_फियाट

यावर माझं काहीच म्हणणं नाही. माझीही रबरं बदललेली आहेत. पण पट्टे नाही म्हणजे नाही.

---

तांबडी_माती

आणि त्या गाडीत मागे नातवंडं बसतात, तेव्हा?

---

डुक्कर_फियाट

ताई, रविवारी सकाळी, चाळीसच्या वर काटा जात नाही.

---

तांबडी_माती

तुमचा जात नसेल. समोरून येणाऱ्या रेंट-अ-कारचा जातो.

---

कलम_बहाद्दर

दोघांनाही नियमातून मधला रस्ता मिळतो. २०२१च्या व्हिंटेज नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची, रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. म्हणजे मूळपणाचा भाव हवा असेल तर नातवंडांना शाळेत सोडणं बंद.

---

आकडेमोड

हे पटलं. व्हिंटेज म्हणून विकणार असाल तर पट्ट्याचा मुद्दा मागे पडतो. रोज चालवायची म्हणून विकणार असाल तर गॅरेजवाले म्हणतात तसा ब्रेक-पत्र्याचा खर्च कापा, मी आडवा येणार नाही. सात वर्षांबद्दल मात्र माझं मत तेच. ताकातासारख्या वयाने बिघडणाऱ्या भागांना वेगळी मुदत ठेवा, सगळ्यांना सरसकट वाढवू नका.

---

अंगणातला_फोंडेकर

वयाने बिघडणाऱ्या भागांना वेगळी मुदत, हे मला चालेल. माझ्या मूळ म्हणण्यापेक्षा बरं आहे.

आज सकाळी चुंबक फिरवलं. डाव्या मागच्या दाराखाली वीतभर धरत नाही. उजवीकडे सगळीकडे धरतं. पुढचा फ्लोअर चालकाच्या बाजूला मऊ आहे, काकूंनी त्यावर काथ्याचं पायपुसणं घातलं होतं म्हणून इतकी वर्षं दिसलं नाही. इंजिन नंबर जुळतो. मूळ लिव्रेत (पोर्तुगीज काळातलं आरसी बुक) काकांच्या कपाटात सापडलं, पोर्तुगीजमध्ये, शिक्क्यासकट. आणि पाटीवर अजून जुना जीडी नंबर आहे (गोवा, दमण, दीव एकत्र होते तेव्हाचा).

सेडान घेणाऱ्याला रिकॉलचं लेखी दिलं. त्याने भाव पाच हजाराने पाडला, @आकडेमोड यांनी नोंद घ्यावी.

---

डुक्कर_फियाट

लिव्रेत आहे?! मग अकरावाल्याला आत्ता हो म्हणू नका. व्हिंटेज नोंदणीत आधीची नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तो जीडी नंबर अजिबात सोडू नका.

---

गॅरेजवालो_मडगांव

फ्लोअर मऊ आहे तर चालवत आणू नका, टो करून आणा. आणि चवथीआधी जागा नाही.