नाशिकच्या मंदिरात आज कुणाला अडवत नाहीत. मग जात टिकते कुठे?

गोदाकाठ
दलितांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो १९३४ पर्यंत नेटाने लढवला, तरी दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, तिच्यामागे हा अनुभव होता. आज त्या दारात जात कुणी विचारत नाही. पण भाड्याने घर बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात, आणि लग्नाच्या बायोडाटात पोटजात लिहावीच लागते. माझं म्हणणं एवढंच की देवळातून निघालेली जात घरात आणि कामाच्या वाटपात जाऊन बसली आहे.

सातपूरकर
पटत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सगळे एकाच लाइनवर काम करतात, एकाच कॅन्टीनमध्ये जेवतात. घर तर बॅचलर पोरांनाही नाकारतात. खरी दरी पैशाची आहे. आरक्षणासाठी आधी जातीचा दाखला, मग पडताळणी... शासनच दर पिढीला जात लिहायला लावणार असेल तर ती जाणार कशी? सगळीकडे आर्थिक निकष लावा.

चेंबर
ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरायला कुणाला बोलावतात ते बघा. तिथे दाखला लागत नाही, आरक्षणही नाही, तरी उतरणारे बहुतेक त्याच दोन-चार जातींतले. गरीब तर सगळ्याच जातींत आहेत. मग बाकीचे का येत नाहीत?

माणसं मरतात कशी, तेही सांगतो. साचलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी राहतो. जास्त झाला की त्याचा वासही येईनासा होतो. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय कुणालाही आत उतरवायला बंदी आहे. भरपाईची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. पण काम ठेकेदाराच्या पोटठेकेदाराकडे गेलेलं असतं. मयताचं नाव हजेरीपटावर नसलं, तर तो कामावर होता हे सिद्ध करण्यातच घरच्यांचं आयुष्य जातं.

२०२७ च्या सिंहस्थासाठी सफाईचे ठेके निघतील. जेटिंग-सक्शन गाडी (पाण्याच्या जोराने आणि ओढून गटार साफ करणारी), गॅस मोजायचं यंत्र, प्रत्येकाचं नाव हजेरीपटावर आणि पगार थेट खात्यात या अटी निविदेतच हव्यात.

भगूरचा
निविदेच्या अटी मान्य. पण दोष हिंदू धर्माच्या माथी का? आमच्या भगूरमध्ये जन्मलेल्या सावरकरांनी रत्नागिरीत सर्वांसाठी पतितपावन मंदिर उभं राहावं म्हणून खटपट केली, १९३१ मध्ये ते खुलं झालं. वारकऱ्यांनी चोखोबांना संत मानलं. सुधारणा आतूनच झाल्या. आता दंडुका कशाला?

गोदाकाठ
चोखोबांना संत मानलं, पण त्यांची समाधी महाद्वाराबाहेरच राहिली. पंढरपूरचं मंदिर खुलं व्हायला १९४७ साल उजाडलं, तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावल्यावर. आतून सुधारणा होते हे खरं, पण ती आपोआप होत नाही. आणि कायदा नुसता दंडुका नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात घर नाकारण्याचाही विचार आहे. तक्रारदार अनुसूचित जातीचा असेल तर नकार अस्पृश्यतेतून आला असं न्यायालय गृहीत धरतं, उलट सिद्ध करणं नाकारणाऱ्याकडे. घरमालक ‘खोली दिली गेली’ म्हणतो आणि गोष्ट तिथेच संपते, म्हणून तक्रार होत नाही. संभाषण लेखी ठेवा. दुसऱ्या दिवशी तीच खोली रिकामी असल्याची जाहिरात दिसली तर तिचा स्क्रीनशॉट घ्या.

नोंदणी
लग्नाबद्दल कुणी बोललंच नाही, आणि जात मुख्यतः तिथेच टिकते. दोघंही हिंदू असतील तर जात वेगळी असली तरी हिंदू विवाह कायद्याखाली लग्न होतं. अनेक जोडपी उगाच विशेष विवाह कायद्याकडे जातात. तिथे ३० दिवसांची नोटीस कार्यालयात लागते, घरच्यांना बातमी कळते आणि मुलीला गावी नेलं जातं. लग्नानंतर जातपंचायतीने वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे: ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जातपंचायतींविरुद्ध अंनिसची (अंधश्रद्धा निर्मूलन समितीची) मोहीम नाशिकमधूनच उभी राहिली. पंचांचा निर्णय तोंडी असतो, म्हणून बैठकीची तारीख, जागा आणि हजर असलेल्यांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवावीत.

सातपूरकर
चेंबरच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, पैशाने ते समजावता येत नाही. दाखल्याबद्दल माझं मत मात्र तेच आहे.