पोर्ट फॉरवर्ड केला, तरी बाहेरून डीव्हीआर उघडत नाही

देवगडकर_पुण्यात:
नमस्कार मंडळी. आई-बाबा देवगडला, मी पुण्यात. पडवी आणि बाग धरून चार कॅमेरे, त्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर मधल्या खोलीत. फायबरवाल्याच्या मोडेमचं वायफाय पडवीपर्यंत पोचत नाही, म्हणून माझा जुना राउटर मध्ये लावलाय. मोडेमच्या लॅनमधली (घरातल्या उपकरणांसाठीची जागा) केबल त्याच्या वॅनमध्ये (बाहेरून नेट येण्याची जागा).

मोडेम १९२.१६८.१.१, जुना राउटर १९२.१६८.०.१, डीव्हीआर १९२.१६८.०.१०८. जुन्या राउटरवर पोर्ट ३७७७७ डीव्हीआरकडे फॉरवर्ड केलाय, म्हणजे त्या क्रमांकावर बाहेरून येईल ते डीव्हीआरला द्यायचं. घरात सगळं दिसतं, पुण्यातून टाइमआउट. फायबरवाला म्हणतो, राउटर तुमचा, तुम्हीच बघा. गणपतीत घरी जाईन तेव्हा काय ते एकदाच उरकायचंय.

जुना_वायरमन:
दोन राउटर, दोन नॅट (आतले पत्ते झाकून बाहेर एकच पत्ता दाखवणं). बाहेरून आलेलं पॅकेट मोडेमपाशीच संपतं, कारण ते पुढे कोणाला द्यायचं हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. पण आत्ता काहीही बदलू नका. बाबांना मोडेमच्या स्टेटस पानाचा फोटो काढायला सांगा. तिथला वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) आणि ‘व्हॉट इज माय आयपी’वर दिसणारा आयपी, दोन्ही इथे टाका. शेवटचे आकडे झाका.

देवगडकर_पुण्यात:
स्टेटस पानावर १००.७२ ने सुरू होणारा आहे. साइटवर भलताच कुठला तरी दिसतो.

जुना_वायरमन:
मग विषयच वेगळा. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हे पत्ते २०१२ पासून इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या नॅटसाठी राखून ठेवलेत. म्हणजे तुमच्यावर तिसरा नॅट आहे आणि तो कंपनीच्या ताब्यात. घरात बसून कितीही फॉरवर्डिंग करा, उपयोग शून्य. जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी (बाहेरून थेट पोचता येणारा कायमचा पत्ता) घ्या, नाहीतर व्हीपीएन (नेटवरून जाणारा खाजगी बोगदा).

जुना राउटर मात्र सरळ करूनच या. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणं) बंद करा, मग केबल वॅनमधून काढून लॅनमध्ये. त्याआधी डीव्हीआरवर जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.१.१०८ आणि गेटवे (बाहेर जायचा दरवाजा, म्हणजे मोडेम) १९२.१६८.१.१ करा. गेटवे लोक हमखास विसरतात, मग घरात चित्र दिसतं आणि बाहेर काळा पडदा.

रात्रपाळी:
स्टॅटिक आयपी मिळाला तरी डीव्हीआरचा पोर्ट उघडा टाकू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने असलेच कॅमेरे आणि डीव्हीआर कंपनीच्या मूळ पासवर्डने उघडून हल्ल्यांना जुंपले होते. एक रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) ठेवा, त्यावर टेलस्केल हे व्हीपीएन टाका आणि सबनेट राउटर म्हणून घरचं नेटवर्क जाहीर करा, म्हणजे त्याच्यामार्गे डीव्हीआरपर्यंत पोचता येईल. जोडणी दोन्हीकडून बाहेरच्या दिशेने सुरू होते, त्यामुळे कंपनीचा नॅट आड येत नाही. टेलस्केलसुद्धा १००.६४ च्याच पट्ट्यातले पत्ते देतं, ते बघून दचकू नका.

पुण्याच्या घरी कुठला सबनेट (पत्त्यांचे पहिले तीन आकडे) आहे?

देवगडकर_पुण्यात:
तिथेही १९२.१६८.१!

रात्रपाळी:
तरी म्हटलं. दोन्हीकडे तोच असेल तर पुण्याचा लॅपटॉप डीव्हीआरला आपल्याच घरात शोधत बसेल. देवगडचा १९२.१६८.५७ करा. वायरमनदादांनी दिलेले पत्ते मग त्याच हिशेबाने.

देवगडकर_पुण्यात:
मोडेमचं लॅन पान कंपनीने लॉक केलं असेल तर?

जुना_वायरमन:
मोडेमखालच्या स्टिकरवरच्या युजरने बहुतेक वेळा उघडतं. नाहीच उघडलं तर पुण्याचा बदला, तो राउटर तुमच्या हातातला आहे. आणि बाहेरून चालतंय का हे बघताना मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावर बघा.