लॅनयार्डसाठी सांबरशिंगाचे मणी कुठे मिळतील?

फोंडेकर: चाव्या अडकवायचे 6 लॅनयार्ड (विणलेले दोर) करायचे आहेत. 4 मिमी पॅराकॉर्ड (नायलॉनचा विणीव दोर) घेतला आहे. प्रत्येकात सांबरशिंगाचा 2 सेंमीचा मणी हवा. मण्यांसाठी 600 रुपये, त्यावर नाही.

सत्तरीकर: सांबरशिंग नकोच. रानात गळून पडलेलंसुद्धा.

कुळागर: सांबर दरवर्षी शिंगं गाळतं, कोणी मारत नाही. मग अडचण काय?

सत्तरीकर: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972. वन्यप्राण्याचं शिंग सरकारी मालमत्ता आहे. हाती आलं तर 48 तासांत पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं. मोलेच्या रानात उचललं काय, बाजारात विकत घेतलं काय, दोन्ही सारखंच.

म्हापसेकर: म्हशीचं शिंग घ्या. सांबरशिंग हाड असतं, आतून स्पंजासारखं. म्हशीचं शिंग नखाच्या जातीचं, पण भरीव फक्त टोकाकडे. बाकी पोकळ, त्याचे मणी होत नाहीत. आधी 2 मिमीचं भोक, मग 4, मग 6. दुपदरी दोर त्यातून घट्ट जातो. ड्रिल सावकाश चालवा, मधे पाण्यात बुडवा. तापलं की करपतं आणि थर सुटतात. धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क हवाच. गव्याचं शिंग मात्र हातात धरू नका, आपल्या गोव्याचा राज्यप्राणी आहे. म्हशीचंही पावतीशिवाय घेऊ नका. आणि 3000 चा ड्रिल स्टँड घ्याच, हाताने भोक तिरकं जातं.

काणकोणकर: करवंटी! फुकट आहे. पण ती 3 ते 5 मिमी जाड आणि वाकडी, एका तुकड्याचा मणी होत नाही. 4 मिमीच्या 5 चकत्या इपॉक्सी गोंदाने चिकटवा. 120, 240, 400 नंबरचा पॉलिशपेपर, शेवटी खोबरेल.

कुळागर: पॅराकॉर्डच चुकीचा. सुती दोरी हाताला बरी.

काणकोणकर: सुतीला जूनमध्ये बुरशी येते. नायलॉनच ठेवा. 10 सेंमी कोब्रा विणीला (चपट्या, पट्टीसारख्या विणीला) दीड मीटर लागतो, टोकं लायटरने जाळून दाबा.

सत्तरीकर: सांबरशिंग नको, एवढंच परत सांगतो.

म्हापसेकर: मणी कशाचाही असो, भोकाच्या दोन्ही कडा ड्रिलच्या मोठ्या बिटने घासून गोल करा. धारदार कड दोर कापते, लॅनयार्ड तिथेच तुटतो. मण्याच्या खाली-वर डायमंड गाठ (जाड गोल गाठ) मारा, म्हणजे तो सरकत नाही.

फोंडेकर: सांबरशिंग रद्द, कायदा कळला. करवंटीत चिकटवायचा व्याप, म्हशीच्या शिंगाला पावती मिळायची खात्री नाही, स्टँड तर बजेटच्या पाचपट. फणसाच्या लाकडाचे करतो. सुताराकडे तुकडे पडलेले असतात. पिवळं लाकूड, हळूहळू तपकिरी होतं, भोकही सरळ पडतं. कडा मात्र गोल करीन.

म्हापसेकर: मग तेल आधी आतून द्या, भोकातून ओल शिरते.