मदत हवी आहे: झोपेची प्रश्नावली आजी-आजोबांवर नीट चालते, नर्सेसवर बोंबलते

उशी_बदलून:
नमस्कार मंडळी, इथे स्टॅट्सवाले आणि नर्सिंगवाले दोन्ही आहेत असं जुन्या धाग्यांवरून वाटलं म्हणून विचारते. थीसिस झोपेवर आहे (हो, आणि त्यामुळे माझीच उडालीये, हा जोक घरी दहा वेळा करून झालाय). पीएसक्यूआय वापरलंय, म्हणजे पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स, १९८९ ची प्रश्नावली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गेल्या महिनाभरातल्या झोपेवर १९ प्रश्न, त्यातून ७ कंपोनंट, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, बेरीज ० ते २१ आणि ५ च्या वर गेलात की झोप वाईट. मार्क जास्त तेवढी झोप वाईट, हे डोक्यात बसायला मलाच चार दिवस लागले.

माझ्याकडे दोन गट आहेत, साठीच्या पुढचे गावातले लोक आणि बदलत्या शिफ्टमधल्या स्टाफ नर्सेस. दोन्हीकडे मराठी फॉर्म, कागदावर. आता कोल वगैरेंचं २००६ चं तीन फॅक्टरचं मॉडेल आहे ना (फॅक्टर म्हणजे एकत्र वर-खाली होणाऱ्या कंपोनंटच्या मागे धरलेली एक न दिसणारी गोष्ट), झोपेचे तास आणि एफिशियन्सी (अंथरुणातल्या वेळातला झोपेचा वाटा) एका फॅक्टरवर, स्वतःला वाटणारी क्वालिटी + झोप लागायला लागणारा वेळ + झोपेच्या गोळ्या दुसऱ्यावर, आणि रात्रीचे अडथळे + दिवसाची मरगळ तिसऱ्यावर, ते ज्येष्ठांच्या गटात बऱ्यापैकी बसतं. नर्सेसमध्ये घातलं की आर (स्टॅट्सचं सॉफ्टवेअर) बोंब मारतं, तासांचं लोडिंग, म्हणजे फॅक्टरशी असलेला बांध, एकच्या वर आणि तासांचा उरलेला व्हेरियन्स, म्हणजे फॅक्टरने न पकडलेला चढउतार, निगेटिव्ह, जो शून्याखाली जाऊच शकत नाही. असं का होतं हे मी सरांना विचारलं तर ते म्हणाले गोळ्यांचा कंपोनंट काढून टाक, सगळं नीट होईल. काढला. निगेटिव्ह तसंच राहिलं, पण बाकी फिट जरा सुधारलं. आता मला कळत नाहीये की हे असं काढून चालतं का, आणि मला शेवटी दोन गटांची सरासरी तुलना करायची आहे ती करता येईल का. पुढच्या महिन्यात प्रेझेंटेशन आहे, प्लीज.

पेंगुळलेला:
रात्री पावणेदोनला झोपेचा धागा वाचतोय, माझा स्कोअर न भरताच सांगतो, २१.

आकडेमोड:
ताई, आधी गोळ्यांबद्दल. काढला की तो पीएसक्यूआय राहत नाही, बेरीज ० ते १८ होते आणि ५ चा कटऑफ गेला, तो सात कंपोनंटच्या बेरजेवरच काढलेला आहे. पण सरांना तो का खुपतोय ते समजतं. आपल्याकडे झोपेची गोळी घेणारे थोडेच, त्यामुळे त्या कॉलममध्ये खालपर्यंत शून्यं असणार. दुसरं, लॅव्हानला (आरमधलं हे मॉडेल चालवणारं पॅकेज) हे मार्क ऑर्डर्ड, म्हणजे नुसत्या क्रमाच्या पायऱ्या, आहेत असं सांगितलंस का? नाही सांगितलं तर तो ० १ २ ३ ला सरळ वजन-उंचीसारखं धरतो. डब्ल्यूएलएसएमव्ही (अशा पायऱ्यांच्या मार्कांसाठीची गणिताची पद्धत) लाव, आणि ३ वाले दोनचारच असतील तर २ आणि ३ एकत्र कर, दोन्ही गटांत सारखंच कर मात्र.

आणि कोलचं मॉडेल मुळात साठीपुढच्या लोकांवर काढलेलं आहे, तुझ्या ज्येष्ठांना ते बसलं यात नवल नाही. नर्सेसना बसलंच पाहिजे असं कोणी लिहून दिलेलं नाहीये. २०१४ मध्ये चिली, इथिओपिया, पेरू आणि थायलंडच्या कॉलेजच्या पोरांवर तपासलं होतं, तिथे पण सगळीकडे एकच रचना निघाली नाही. २०१८ चा एक रिव्ह्यू आहे, त्यात एक फॅक्टर, दोन फॅक्टर, तीन फॅक्टर सगळी मॉडेलं सापडतील. त्यामुळे "माझं जुळलं नाही" हे रडण्याचं कारण नाही, थीसिसचं एक प्रकरण आहे.

तुलनेचं म्हणशील तर असं बघ. आधी दोन्ही गटांत फॅक्टरचा आकार सारखा हवा. मग लोडिंग्ज सारखी. मग ज्याला स्केलर म्हणतात ते, म्हणजे काट्याला पासंग आहे का ते बघणं. भाजीवालीच्या काट्याला एका बाजूला पासंग असला तर तुझी मेथी अर्धा किलो आणि शेजारणीची मेथी अर्धा किलो हे दोन वेगळे अर्धा किलो. तो तपासल्याशिवाय नर्सेसची सरासरी जास्त आली म्हणून त्यांची झोप वाईट असं म्हणता येत नाही. तुझी गाडी पहिल्याच पायरीवर अडलीये, त्यामुळे पुढचं राहू दे.

निगेटिव्ह व्हेरियन्सचं मात्र मला वेगळंच वाटतंय. एफिशियन्सी कशी काढतात, झोपेचे तास भागिले अंथरुणातले तास. म्हणजे तास दोन्हीकडे आलेच, आणि त्या फॅक्टरवर हे दोनच कंपोनंट. एवढ्या नाजूक जागी डेटात थोडी जरी घाण असली तरी असं होतं. कच्चे आकडे बघितलेस का? एफिशियन्सी १०० च्या वर कुणाची आलीये का?

उशी_बदलून:
दादा थँक्यू! ऑर्डर्ड नव्हतं सांगितलं 🙈 आणि हो, १०० च्या वर आहेत, पण त्या नर्स नाहीत, आज्या आहेत. एकीची ११२ टक्के.

रातराणी:
मी स्टाफ नर्स, अकरा वर्षं. असा फॉर्म आम्हालाही वाटला होता एकदा. "गेल्या महिन्यात तुम्ही रात्री साधारण किती वाजता झोपायला गेलात?" अगं कुठला आठवडा लिहू? मॉर्निंग, इव्हिनिंग आणि नाइट तिन्ही त्याच महिन्यात, आणि नाइटच्या आठवड्यात मी रात्री झोपतच नाही. माझ्याबरोबरच्या दोघी नर्सनी दिवसाच्या ड्यूटीचं लिहिलं, मी नाइटचं लिहिलं, एकीने सरासरी काढली, आणि ती काय निघाली तर दुपारी ४. सगळे फॉर्म गोळा करून नेले, कुणी विचारलं नाही. वर दुपारी पडलेलं धरायचं की नाही ते पण लिहिलेलं नसतं. फॉर्मवर रात्रीचीच झोप. आमच्या सासूबाईंची वामकुक्षी दीड तासाची असते, ती कुठे गेली मग?

आकडेमोड:
रातराणीताईंनी माझ्या तीन परिच्छेदांचं काम एका दुपारी ४ मध्ये केलं. उशीताई, आज्यांच्या फॉर्मवर पहिला प्रश्न मराठीत नेमका काय छापलाय?

उशी_बदलून:
"रात्री साधारण किती वाजता झोपता?"

आकडेमोड:
मिळालं. झोपता म्हणजे आडवं पडता की झोप लागते? मूळ प्रश्न अंथरुणात जाण्याची वेळ विचारतो. आजी ९ ला पडली, १० ला डोळा लागला, तिने १० लिहिलं की अंथरुणातला एक तास गायब आणि एफिशियन्सी फुगली. हा फॅक्टर अॅनालिसिसचा प्रॉब्लेमच नाही, क्रियापदाचा आहे.

उशी_बदलून:
अपडेट देते. शनिवार-रविवार नर्सेसचे सगळे कागद पुन्हा काढून बसले. एका फॉर्मवर झोपायची वेळ ९.३०, उठायची "दु. २.३०", झोप ५ तास. साधा नाइटनंतरचा दिवस. टाइप करणाऱ्याने ९.३० ला रात्रीचं धरलं आणि २.३० ला दुपारचं, म्हणजे बाई अंथरुणात १७ तास. ५ भागिले १७, एफिशियन्सी २९ टक्के, कंपोनंटला ३ मार्क. असे बरेच निघाले. टाइप करणारा कोण हे विचारू नका, मीच होते, रात्री १ नंतर.

दुरुस्त करून, ऑर्डर्ड सांगून परत चालवलं. व्हेरियन्स पॉझिटिव्ह आला! तीन फॅक्टर अजून नीट बसत नाहीत, झोप लागायचा वेळ सारखा दिवसाच्या मरगळीकडे सरकतोय. गोळ्या परत आत घेतल्यात, सरांना उद्या सांगेन. सरासरीची तुलना सध्या काढून टाकतेय. आता एवढंच विचारायचंय, नर्सेसच्या छोट्या गटाला पुन्हा फॉर्म द्यायची परवानगी मिळाली तर नाइटचा आठवडा आणि दिवसाचा आठवडा असे दोन वेगळे भरून घेऊ का? मग तो पीएसक्यूआय उरतो का?

आकडेमोड:
महिन्याऐवजी आठवडा केला की काटेकोरपणे नाही उरत. पण मूळचा एक आणि हे दोन असे तिन्ही घे आणि कशाशी कोण जुळतं ते दाखव, मला तर तेच वाचायला आवडेल. सुधारित आहे हे ठळक लिही.

रातराणी:
सोमवारपासून माझी नाइट आहे. मला पाठव, दुपारी अडीचनंतर भरून देते. आणि वेळेच्या पुढे सकाळ दुपार रात्र असे चौकोन छाप गं बाई.