महापालिका शाळेच्या वास्तुविशारदाचा करार मध्येच रद्द: नकाशे कोणाचे आणि पुढचे काम कोण करणार?

पालक सदस्य, ठाणे

नमस्कार. माझी मुलगी ज्या महापालिका शाळेत शिकते, तिच्या शाळा व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य आहे. (ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत; त्यांपैकी ही कोणती, हे मुद्दाम लिहीत नाही.) जुनी इमारत पाडून नवी बांधण्यासाठी नेमलेल्या वास्तुविशारदांचा करार, काम जोत्यापर्यंत आलेले असताना, प्रशासनाने एका पत्राने संपुष्टात आणला. नकाशे वेळेवर दिले नाहीत, असे कारण त्यात दिले आहे. वास्तुविशारदांचे म्हणणे असे की, वर्गखोल्यांची संख्या प्रशासनानेच मध्येच बदलली आणि त्यांचे एक देयकही थकवले. आता ते वरच्या मजल्यांचे तपशीलवार नकाशे देत नाहीत, ना-हरकत पत्रही देत नाहीत, आणि त्या पत्राशिवाय नवा वास्तुविशारद नेमता येत नाही, असे अभियंते सांगतात. मुले तोवर दुसऱ्या शाळेच्या इमारतीत दुपारच्या पाळीत बसतात. करार रद्द करणे योग्य की अयोग्य, याचा निवाडा होईपर्यंत काम थांबणे कायद्याने अपरिहार्य आहे का, आणि आमच्या समितीला यात नेमके काय मागता येईल?

निवृत्त उपअभियंता

अपरिहार्य मुळीच नाही. मात्र करार संपतो त्या वेळी जागेवर काय उभे आहे आणि कोणते नकाशे, कितव्या सुधारणेचे, कोणत्या तारखेला मिळाले आहेत, याची दोन्ही पक्षांच्या सह्यांची संयुक्त नोंद व्हावी लागते, आणि रागाच्या भरात नेमकी तीच राहून जाते. मोजमाप पुस्तिकेत ठेकेदाराचे काम मोजले जाते, वास्तुविशारदाचे नाही. त्याचे शुल्क संकल्पना, मंजुरीचे नकाशे, निविदेचे नकाशे, कार्यकारी नकाशे आणि देखरेख अशा टप्प्यांनी ठरते, त्यामुळे टप्पा अर्धवट असताना करार तुटला की अर्धवट म्हणजे किती, यावरच भांडण लांबते. खोल्या वाढवण्याची सूचना लेखी होती की जागेवरच्या बैठकीत तोंडी दिली गेली, हेही पाहा. विलंबाचा दोष कोणाकडे जातो, ते बहुतेक त्यावर ठरेल.

माझ्या दृष्टीने खरा धोका वेगळाच आहे. संरचना अभियंता वास्तुविशारदाने आपल्यामार्फत आणलेला असेल, तर वास्तुविशारदाबरोबर तोही जातो, आणि पाया किती मजल्यांचा भार धरून काढला आहे याची गणिते त्याच्याकडेच राहतात. ती हाती आल्याशिवाय वरचा एकही स्तंभ उभा करू नये. थकलेल्या देयकाबद्दल म्हणाल, तर नकाशे मिळेपर्यंत ते रोखावे, असेच मत मी देईन.

वास्तुविशारद, नेरूळ

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. जे नकाशे स्वीकारले, ज्यांवर पाया भरला, त्यांचे शुल्क पुढच्या नकाशांसाठी ओलीस ठेवणे योग्य नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 70 विनामूल्य नसलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी टाकते.

ना-हरकत पत्राचा मात्र उगाच बाऊ केला जातो, आणि त्यात आमच्या व्यवसायातील लोकही मागे नाहीत. वास्तुविशारदांच्या व्यावसायिक आचरणाच्या 1989 च्या विनियमांनुसार नव्या वास्तुविशारदाने दोन गोष्टी करायच्या असतात: आधीची नेमणूक संपल्याचा पुरावा मिळवणे आणि आधीच्या वास्तुविशारदाला लेखी कळवणे. त्याची संमती लागते, असे तिथे म्हटलेले नाही. नकाशांचा कॉपीराइट मात्र करारात वेगळे लिहिलेले नसेल, तर आमच्याकडेच राहतो.

वकील, ठाणे

हे खाजगी ग्राहकाबाबत ठीक आहे. कॉपीराइट अधिनियम, 1957 च्या कलम 17 मध्ये सार्वजनिक उपक्रमांसाठी वेगळी तरतूद आहे. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली निगम संस्थाही त्या व्याख्येत येते, आणि तिच्या निर्देशाखाली किंवा नियंत्रणाखाली तयार झालेल्या कृतीची पहिली मालकी, विरुद्ध करार नसल्यास, तिची असते. बाहेरच्या वास्तुविशारदाचे काम ‘नियंत्रणाखालचे’ मानायचे का, हा वादाचा मुद्दा आहे, पण महापालिकेला तो मांडता येईल. शिवाय कलम 59 नुसार बांधकाम सुरू झाल्यानंतर ते थांबवण्याचा मनाई हुकूम कॉपीराइटच्या आधारे मिळत नाही, नुकसानभरपाई मागता येते. करार रद्द करण्याजोगा असेल, तर 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 14 मुळे वास्तुविशारदांना पुन्हा कामावर घ्या, असा आदेशही मिळणे कठीण आहे. थोडक्यात, भांडण पैशांचे आहे आणि इमारत त्याची वाट पाहत बसायला बांधील नाही.

करारात लवादाचे कलम असेल, तर लवाद कोण नेमणार, ते वाचा. गुंटूरच्या एम्सच्या आराखड्याचे काम काढून घेतल्यावरून उद्भवलेल्या पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले की, निकालात ज्याचा स्वतःचा हितसंबंध आहे त्या अधिकाऱ्याला एकमेव लवाद परस्पर नेमता येत नाही. तसेच प्रशासन काळ्या यादीची भाषा करत असेल, तर कारणे दाखवा नोटिशीत तसा उल्लेख आधी हवा; गोरखा सिक्युरिटी प्रकरणात, 2014 मध्ये, तोच मुद्दा होता.

समिती करारातील पक्ष नाही, तेव्हा वास्तुविशारद बरोबर की प्रशासन, या वादात तिने पडू नये. शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 21 खाली शाळेच्या कामकाजावर आणि निधीच्या वापरावर देखरेख ठेवणे हे तिचे काम आहे. त्या आधारे ठराव करून संयुक्त नोंदीची तारीख आणि नव्या नेमणुकीचे वेळापत्रक मागा.

पालक सदस्य, ठाणे

सर्वांचा आभारी आहे. समितीकडे आलेली कराराची प्रत आज पुन्हा वाचली. लवाद आयुक्तांनीच नेमायचा, असे कलम त्यात खरोखरच आहे. संरचना अभियंत्याचे नेमणूकपत्र मात्र थेट महापालिकेने दिलेले दिसते, म्हणजे पायाची गणिते त्यांच्याकडून मागता येतील. येत्या बैठकीत ठराव मांडताना संयुक्त नोंद आणि ही गणिते, या दोनच मागण्या ठेवत आहोत. देयकाचा प्रश्न आम्ही त्यात घेणार नाही.