मदत हवी आहे : एकाच कुकरमध्ये टोफू आणि भाज्यांचा भात करताना टोफूचा चुरा होतो

नमस्कार. मुलीच्या शिकवणीसाठी मी सध्या तिच्यासोबत लातुरात खोली करून राहते. एक शेगडी आणि तीन लिटरचा कुकर एवढाच इथला संसार असल्यामुळे, तिच्या वेळा सांभाळून एका भांड्यात होईल असाच स्वयंपाक करावा लागतो. तिला दूध पचत नाही, म्हणून पनीर बंद आहे. शेतातले सोयाबीन मात्र घरी पोत्याने आहे, तेव्हा त्याचेच टोफू करून भाज्यांसह भात करावा असे ठरवले.

सोयाबीन रात्रभर भिजवून, वाटून, गाळून निघालेले दूध मी उकळते, गॅसवर असतानाच त्यात लिंबाचा रस घालून ते फाडते आणि कापडात बांधून वर पाण्याने भरलेला तांब्या ठेवते. भातासाठी तेलात जिरे-मोहरी, कांदा, टोमॅटो, गाजर, पानकोबी आणि ढोबळी मिरची परतून त्यावर धुतलेला कोलम तांदूळ आणि टोफूचे तुकडे एकदमच घालते, तांदळाच्या दुप्पट पाणी ओतते आणि तीन शिट्ट्या करते. झाकण काढले की भात गिच्च, टोफूचा निम्मा चुरा आणि उरलेले तुकडे अगदी अळणी, असा प्रकार असतो. शिवाय सोयाबीनचा कच्चट वास येतो, तो मुलीला सहन होत नाही. टोफू अखंड राहावे, त्याला चव लागावी आणि तरीही दुसरे भांडे लागू नये, यासाठी काय करावे? मसाला म्हणून घरचे येसर घातले तर चालेल का? (सोयाबीनच्या वड्या वापरा असे कृपया सुचवू नये, त्यांचे नाव काढले तरी ताट सरकवले जाते.)

प्रतिसाद, परभणी

ताई, भांडे एकच ठेवा, पण सगळे जिन्नस एकाच वेळी घालू नका. टोफू आधीच शिजलेले असते, त्याला शिट्टीची गरज नाही. कुकरमधल्या जोरदार उकळीत ते तांदळाबरोबर घुसळले जाते आणि लिंबाने फाडलेले टोफू मुळात ठिसूळ असल्यामुळे फुटते.

टोफूचे तुकडे बोटाच्या पेराएवढे, जरा जाडच कापा आणि चांगले खारट केलेल्या कढत पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवा. त्याने आतपर्यंत मीठ पोचते आणि तुकडा थोडा घट्ट होतो. तेल लागल्यावर त्यात मीठ मुरत नाही, म्हणून हे काम परतण्याच्या आधीच व्हायला हवे. मग तुकडे कापडावर नीट कोरडे करून त्याच कुकरमध्ये, तेल चांगले तापल्यावर, एका थरात सोडा. खालची बाजू बदामी झाली की तुकडा आपोआप सुटतो; तोपर्यंत उलथणे अजिबात लावू नका, कारण घाईने उचकटल्यास पापुद्रा तळाला राहतो आणि तुकडा हातात येतो. दोन्ही बाजू झाल्या की ताटलीत काढून त्यावर हळद, तिखट आणि काळा मसाला भुरभुरून ठेवा.

आता त्याच तेलात फोडणी करून कांदा आणि गाजर परता, मग टोमॅटो घाला. टोमॅटोला पाणी सुटले की टोफूची खाली चिकटलेली खरवड त्या पाण्यात खरडून सोडवा. हे राहून गेले तर भात हमखास तळाला लागतो. तांदूळ वीस मिनिटे भिजवून निथळलेला असेल, तर टोमॅटो आणि पानकोबीचे पाणी धरून एका वाटीला पावणेदोन वाट्या पाणी पुरते. मोठ्या आचेवर एक शिट्टी, नंतर पाच मिनिटे मंद आच, आणि कुकर आपोआप उतरू द्या. झाकण काढून ढोबळी मिरची आणि टोफू वर पसरा, पुन्हा झाकून दहा मिनिटे वाफ जिरू द्या आणि कडेने हलक्या हाताने भात वर-खाली करा. हिवाळ्यात तुरीचे ओले दाणे मिळतात, ते मात्र तांदळाबरोबरच घालावेत. या भातात मला मटारापेक्षा तेच अधिक आवडतात.

प्रतिसाद, नांदेड

वरच्या कृतीत बदल सुचवण्यासारखे काही नाही. मी फक्त टोफूविषयी लिहिते. कच्चट वास सोयाबीन गार पाण्यात वाटताना तयार होतो. भिजलेले दाणे चोळून त्यांची टरफले काढा आणि वाटताना उकळते पाणी वापरा. मिक्सरचे भांडे मात्र अर्धेच भरा, नाहीतर झाकण उडते. उन्हाळ्यात रात्रभर भिजवलेल्या सोयाबीनचे पाणी आंबते, म्हणून त्या दिवसांत भिजवण्याची वेळ कमी करून मध्ये एकदा पाणी बदलावे. दूध उतू जाऊ न देता पंधरा मिनिटे तरी नीट उकळा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात आणि ते उष्णतेनेच निष्प्रभ होतात, त्यामुळे मुलीच्या पोटासाठी हे आवश्यक आहे.

गॅस बंद करून दोन-तीन मिनिटांनी लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला, एक-दोनदाच सावकाश ढवळा आणि झाकून ठेवा. सतत ढवळल्यास दाणेदार चोथा होतो आणि तो कितीही दाबला तरी धरत नाही. तांब्याचे वजनही कमी पडते. पाऊण तास जड वरवंटा ठेवून पाहा. दूध बंद आहे म्हणून आणखी एक गोष्ट सांगते : लिंबाने केलेल्या टोफूमध्ये कॅल्शियमची भर पडत नाही. बाजारचे काही टोफू कॅल्शियम सल्फेट वापरून केलेले असते, त्यात ते अधिक मिळते. घरच्या टोफूवर भागवणार असाल, तर तीळ आणि नाचणी आहारात असू द्या.

मूळ प्रश्नकर्ती

दोघींचेही आभार. खोलीवर फ्रीज नाही, त्यामुळे टोफू दुसऱ्या दिवशीसाठी ठेवता येईल का? येसराचेही कळले तर बरे होईल.

प्रतिसाद, परभणी

फ्रीज नसेल तर लातूरच्या हवेत ते ठेवूच नका; एका वेळेपुरतेच करा. वाटीभर सोयाबीनचे टोफू तुम्हा दोघींना एका जेवणाला पुरावे. उरलेल्या चोथ्यात ज्वारीचे पीठ, कांदा आणि कोथिंबीर घालून त्याच दिवशी धपाटी लावता येतील.

येसर भातात शिजवू नका. त्यात भाजलेली धान्ये आणि डाळी दळलेल्या असतात, त्यामुळे आमटी दाट होते. भातात मात्र ते पाणी शोषून तळाशी बसते आणि करपते. तोच स्वाद हवा असेल तर परतलेले टोफू ताटलीत गरम असताना त्यावर चमचाभर येसर चोळा आणि ते तुकडे शेवटच्या वाफेलाच भातावर ठेवा.